सराव प्रत्यक्ष झुंजीच्या जवळ कसा न्यावा

ठाणे आणि नवी मुंबईतील कराटे, तायक्वांदो किंवा स्वसंरक्षणाच्या अनेक वर्गांत जोडीचा सराव ठरावीक पद्धतीने चालतो. दोघे समोरासमोर दोन पावलांवर उभे राहतात, हल्ला करणारा ओरडून एक पाऊल पुढे येतो, सरळ ठोसा मारतो आणि हात तसाच लांब ठेवून थांबतो. मग बचाव करणारा तो हात बाजूला सारून दोन-तीन प्रतिहल्ले करतो आणि दोघेही वाकून नमस्कार करतात. हालचाल अंगवळणी पडण्यासाठी ही पद्धत चांगली आहे आणि पहिले काही महिने तिला पर्यायही नाही. मात्र पुष्कळ ठिकाणी विद्यार्थी ब्राऊन बेल्टपर्यंत पोहोचला तरी सराव याच पायरीवर राहतो आणि ज्याला खरोखर मारायचे आहे असा माणूस अंगावर आला की काय होते, याचा अनुभव त्याला कधीच मिळत नाही. पुढील मार्गदर्शन वर्ग चालवणाऱ्या शिक्षकांसाठी आणि किमान वर्षभर नियमित सराव केलेल्या प्रौढ विद्यार्थ्यांसाठी आहे.

आधी काय वगळले आहे ते ओळखावे

झुंजीचे तीन घटक मानता येतात: इजा करू शकणारे तंत्र, पूर्ण वेग व जोर, आणि समोरच्याचा खरा प्रतिकार. तिन्ही एकत्र आले की तो सराव राहत नाही आणि कोणीतरी रुग्णालयात पोहोचते. म्हणून सुरक्षित सरावात यांपैकी किमान एक घटक मुद्दाम कमी केलेला असतो, आणि त्यात गैर काही नाही. गैर होते ते काय कमी केले आहे याचा विसर पडल्यावर. प्रत्येक सराव सुरू करण्यापूर्वी शिक्षकाने विद्यार्थ्यांना स्पष्ट शब्दांत सांगावे की आज आपण अमुक गोष्ट वगळली आहे. आणि त्याच आठवड्यात असा दुसरा सराव ठेवावा, ज्यात ती गोष्ट परत येईल आणि तिच्या जागी दुसरी वगळली जाईल. माझ्या मते सराव वास्तवाच्या जवळ नेण्याचे बहुतेक काम एवढ्या एका सवयीने होते. बाकीचे सारे तिचे तपशील आहेत.

या प्रश्नाशी जुन्या गुरूंचीही गाठ पडली होती. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ज्युदोची स्थापना केली, तेव्हा जुन्या जुजुत्सूतील ठोसे, लाथा आणि धोकादायक पेच त्यांनी काताच्या ठरीव सरावात ठेवले. रँदोरी या मोकळ्या लढतीत मात्र फेकणे, दाबून धरणे, गळा आवळणे असे पूर्ण प्रतिकाराविरुद्ध करता येण्याजोगे प्रकार घेतले. घातकपणा कमी करून त्यांनी प्रतिकार मिळवला. जपानी तलवारबाजीच्या काही शाखांनी अठराव्या शतकात बांबूची तलवार आणि चिलखत स्वीकारले, त्यामागेही हाच हिशेब होता. आपल्याकडील फरीगदग्यात कातड्याने मढवलेली काठी आणि लहान ढाल घेऊन खेळतात, म्हणून तिथे वार अंगावर बसू देता येतो, जे दांडपट्ट्याच्या खऱ्या पात्याने शक्य नाही. तालमीतील पैलवान तर रोज लाल मातीत लढत घेतो. विरोध करणारे शरीर किती जड लागते आणि पट काढताना दम कसा संपतो, हे त्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

प्रत्येक नियमाची किंमतही असते. क्योकुशिन कराटेच्या स्पर्धेत पूर्ण जोराने मारतात, पण उघड्या मुठीने चेहऱ्यावर मारण्यास मनाई असल्यामुळे खेळाडू छातीला छाती भिडवून उभे राहतात आणि त्यांचे हात खाली येतात. ऑलिंपिक पद्धतीच्या तायक्वांदोत चेहऱ्यावर ठोसा चालत नाही, त्यामुळे तिथेही हात खाली येतात. कराटेच्या गुणांवर चालणाऱ्या लढतीत, म्हणजे कुमितेत, गुण मिळाला की पंच लढत थांबवतात, म्हणून खेळाडूला फटका बसताच मागे सरण्याची सवय लागते. पाठ टेकू नये म्हणून पैलवान पालथा पडतो. रस्त्यावर पालथे पडून राहिले तर डोक्याची मागची बाजू हल्लेखोराच्या लाथेखाली येते. बॉक्सिंगमध्ये जाड ग्लोव्हजच्या आड डोके लपवता येते, उघड्या हातांमधून मात्र ठोसा सहज आत शिरतो, शिवाय ग्लोव्हजशिवाय कवटीवर मूठ आपटली तर करंगळीमागचे हाड मोडण्याचा धोका असतो. (म्हणूनच बॉक्सिंग शिकणाऱ्यांनीही तळहाताच्या टाचेने मारण्याचा थोडा सराव ठेवावा.) १२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हर येथे झालेल्या पहिल्या यूएफसी या मिश्र झुंजीच्या स्पर्धेत ब्राझिलियन जुजुत्सूचे रॉइस ग्रेसी यांनी तिन्ही प्रतिस्पर्ध्यांना शरण आणले, तेव्हा उभ्याने लढणाऱ्यांच्या सरावात जमिनीवरच्या झुंजीची केवढी पोकळी होती हे जगाला दिसले, पण त्या पिंजऱ्यातही प्रतिस्पर्धी एकच होता, शस्त्र नव्हते आणि खाली मॅट होती. कोणताही एक प्रकार या पोकळीतून सुटलेला नाही, त्यामुळे आपलाच प्रकार वास्तवाशी इमान राखून आहे असे सांगणाऱ्या जाहिरातींकडे थोडे संशयाने पाहावे.

हल्ला करणाऱ्याला हल्ला शिकवावा

वर्गातील सर्वांत दुर्लक्षित भूमिका हल्ला करणाऱ्याची आहे. बचावाचे धडे वर्षानुवर्षे गिरवले जातात आणि हल्ला करणारा मात्र हात लांब करून उभा राहतो. रेल्वे पुलावरची धक्काबुक्की, पार्किंगवरून झालेले भांडण किंवा रिक्षाच्या रांगेतील बाचाबाची पाहिली असेल त्याला ठाऊक असते की मारामारी दोन पावलांवरून सुरू होत नाही. ती हाताच्या अंतरावर, बोलता बोलता सुरू होते; एक हात कॉलर धरतो, दुसरा बाजूने गालावर किंवा कानाखाली येतो, आणि तो एकदा येऊन थांबत नाही. म्हणून हल्ला करणाऱ्यास पुढील गोष्टी शिकवाव्यात. त्याने बोलत असताना सुरुवात करावी, सुरुवातीचा इशारा देऊ नये. मारलेला हात लगेच मागे घ्यावा आणि किमान तीन-चार फटके सलग द्यावेत. बचाव करणारा सरकला तर त्याच्या मागे जावे. तंत्र लागले नसेल तर सौजन्य म्हणून खाली पडू नये. तोल खरोखर गेला तरच पडावे. हे शेवटचे सांगायला सोपे आणि करून घ्यायला फार अवघड आहे, कारण सरांचे तंत्र फसलेले दाखवणे विद्यार्थ्याला उद्धटपणाचे वाटते. त्यासाठी शिक्षकाने स्वतः बचावाच्या भूमिकेत उतरावे आणि फसल्यावर सर्वांसमोर ते मान्य करावे. वर्गाची हवा त्याने जितकी बदलते तितकी उपदेशाने बदलत नाही.

जोर मोजण्यासाठी आण्यांचे माप उपयोगी पडते, कारण ते सर्वांना चटकन समजते. चार आणे म्हणजे हल्ला खरा, पण सावकाश आणि हलका. आठ आणे म्हणजे वेग पुरता आणि फटका केवळ लागेल एवढा. बारा आणे म्हणजे संरक्षक साधने घालून जोरकस. सोळा आणे केवळ पॅडवर किंवा किक शील्डवर. माणसावर सोळा आण्यांचा सराव करू नये. नवे तंत्र आधी सहकार्याने, मग चार आण्यांवर, मग आठ आण्यांवर न्यावे, आणि जिथे ते मोडते तिथे थांबून का मोडले हे पाहावे. पुष्कळदा मनगटाची सुबक पकड आठ आण्यांवर गळून पडते आणि डोके झाकून आत शिरणे, मानेला मिठी घालणे, ढकलून बाजूला होणे एवढेच टिकते. असे होत असेल तर पकड सोडून द्यावी असे नाही, परंतु तिला भरवशाचे साधन समजू नये.

उत्तरे कमी, प्रश्न अधिक

दिसलेल्या साध्या खुणेला हात हलवून प्रतिसाद देण्यास माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो, आणि निवडीचे पर्याय वाढले की ही वेळ वाढते, हे मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये दाखवले. हाताच्या अंतरावरून आलेला ठोसा याहून फार उशिरा पोहोचत नाही. त्यामुळे एका हल्ल्याला पाच उत्तरे शिकवण्यापेक्षा पाच हल्ल्यांना चालणारे एक उत्तर आधी पक्के करून घ्यावे: दोन्ही हात वर, कोपरे पुढे, हनुवटी खाली आणि पाय हलते. याच झाकणीतून पुढचे सारे निघावे.

सरावाची अनिश्चितता मात्र टप्प्याटप्प्याने वाढवावी. प्रथम हल्ला ठरलेला, पण वेळ न ठरलेली असावी. नंतर दोनपैकी कोणताही हल्ला येईल असे सांगावे. त्यानंतर काहीही येऊ शकेल, आणि शेवटी काहीच येणार नाही, हीही शक्यता ठेवावी. या शेवटच्या टप्प्यात समोरचा माणूस जवळ येऊन वेळ विचारतो, वाशीची गाडी कोणत्या फलाटावर लागते ते विचारतो आणि निघून जातो; कधी तो आवाज चढवतो आणि माफी मागतो; कधी खरोखर हात टाकतो. बचाव करणाऱ्याने हात छातीच्या उंचीवर मोकळे ठेवून, अंतर राखून, शांत आवाजात बोलायचे असते आणि विनाकारण हात उचलायचा नसतो. पत्ता विचारणाऱ्याला कोपर मारणारा विद्यार्थी हल्ल्यात गोठणाऱ्या विद्यार्थ्याइतकाच अपुरा तयार आहे.

बोलण्याचा सराव इथेच करून घ्यावा. «मागे हो», «हात लावू नकोस» अशी तोकडी वाक्ये पोटातून, खणखणीत आवाजात उच्चारता येणे हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि संकोची स्वभावाच्या विद्यार्थ्यांना ते लाथेपेक्षा जड जाते. शिवीगाळ ऐकून अंग थिजणारे विद्यार्थी पुष्कळ असतात, म्हणून प्रौढांच्या वर्गात, आधी स्पष्ट संमती घेऊन, चढ्या आवाजाचा आणि अरे-तुरेच्या भाषेचा वापर हल्ला करणाऱ्याने करावा. पूर्वी अशा प्रसंगातून गेलेली एखादी व्यक्ती वर्गात असू शकते; तिला कारण न सांगता बाजूला होता आले पाहिजे आणि «थांब» म्हणताच किंवा हाताने दोनदा थोपटताच सर्व काही तत्क्षणी थांबले पाहिजे.

जागा, कपडे, पाऊस

मॅटवर अनवाणी आणि सैल गणवेशात जमणारे तंत्र जीन्स, चप्पल आणि खांद्यावरच्या बॅगेसह जमतेच असे नाही. महिन्यातून एकदा विद्यार्थ्यांना नोकरीवर जातानाच्या कपड्यांत बोलवावे: गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, हातात फोन, पाठीवर सॅक, ओढणी असेल तर ओढणी. पट्टा आणि ओढणी धरली गेली तर काय होते हे चार आण्यांवर, मानेला झटका न देता, एकदा अनुभवले की पुष्कळ जण कामावरून निघताना पट्टा काढून खिशात ठेवू लागतात.

प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या दोन समोरासमोरच्या रांगा मांडल्या आणि मध्ये आठ-दहा जण उभे केले की लोकलचा डबा तयार होतो. गर्दीच्या वेळी ठाण्याहून सुटलेल्या गाडीत उंच लाथेला जागाच नसते. तिथे कोपर, खांदा, सॅक पोटापुढे धरणे आणि एका हाताने कडी न सोडता दुसऱ्याने अंतर राखणे एवढेच शक्य असते. जिना, सोसायटीच्या लिफ्टबाहेरचा चिंचोळा भाग, दोन दुचाकींमधली फट, अशा जागाही खुर्च्या आणि सॅक मांडून उभ्या करता येतात. पावसाळ्यात फरशी आणि पेव्हर ब्लॉक निसरडे होतात, त्यामुळे जूनपासून पुढे उंच लाथांपेक्षा छोट्या पावलांवर आणि पडल्यावर हात-कोपर न मोडता उठण्यावर भर द्यावा. फेकण्याचा सराव मात्र कोणत्याही सबबीखाली मॅटबाहेर करू नये.

दोन व्यावहारिक सूचना आहेत. सोसायटीच्या हॉलमध्ये आरडाओरड्याचा सराव असेल त्या दिवशी सुरक्षारक्षकाला आणि शेजारच्या घरांना आधी कळवावे, अन्यथा वर्ग संपण्यापूर्वी पोलीस दारात येतील, आणि त्यात त्यांची चूक नसेल. तसेच तलावपाळीवर, उपवनच्या काठी किंवा पाम बीच मार्गालगत उघड्यावर नकली शस्त्रांचा सराव करू नये. लांबून पाहणाऱ्याला रबराचा चाकू रबराचा दिसत नाही.

चाकूचा सराव

सर्वाधिक दिशाभूल इथेच होते. प्रात्यक्षिकात हल्लेखोर चाकू लांब धरून एकच वार करतो आणि बचाव करणारा मनगट पिरगाळून तो काढून घेतो. प्रत्यक्षात असा माणूस मोकळ्या हाताने कपडे धरतो आणि दुसऱ्या हाताने जवळून, छोटे, सलग वार करतो. जुना पांढरा टी-शर्ट, डोळ्यांना संरक्षक चष्मा आणि धारेवर लिपस्टिक लावलेला मऊ रबरी चाकू एवढे साहित्य घ्यावे, हल्ला करणाऱ्यास आठ आण्यांवर सोडावे आणि दहा सेकंदांनी थांबवून टी-शर्टवरील खुणा पाहाव्यात. पोटावर, बगलेत, मानेजवळ उमटलेल्या रेघा पाहिल्यावर शिक्षकाला फारसे बोलावे लागत नाही.

अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये मांडले की चाकू घेतलेला माणूस २१ फूट, म्हणजे सुमारे साडेसहा मीटर, अंतर दीड सेकंदाच्या आसपास कापतो. त्यांचा प्रश्न पिस्तूल काढण्याच्या वेळेचा होता. आपल्याला त्यातून घ्यायचे ते इतकेच की दूर वाटणारा माणूस दूर नसतो. हॉलमध्ये साडेसहा मीटरवर खूण करून विद्यार्थ्यांना हे धावून पाहू द्यावे. यावरून सरावाचा क्रम ठरतो: मागितलेली वस्तू देणे, पळणे, खुर्ची किंवा सॅक मध्ये धरणे, आणि काहीच उरले नाही तर दोन्ही हातांनी चाकूचा हात शरीराशी जखडणे. चाकू हिसकावून घेण्याच्या युक्त्या या यादीच्या अगदी तळाशी येतात आणि त्यांना सर्वांत कमी वेळ द्यावा.

एकापेक्षा अधिक हल्लेखोरांच्या सरावात जिंकणे हे ध्येयच ठेवू नये. दोघांविरुद्ध एक, वीस सेकंद, आणि ध्येय हॉलचा दरवाजा गाठणे. त्यात दोघांना एका रेषेत ठेवणे आणि जमिनीवर न जाणे आपोआप शिकले जाते.

दम, इजा आणि साधने

झुंजीत नजर अरुंद होते, आवाज नीट ऐकू येत नाहीत आणि बोटांची बारीक कामे बिघडतात. ही अवस्था वर्गात पूर्णपणे आणता येत नाही. तीस सेकंद बर्पी हा दमवणारा व्यायाम करवून, डोळे मिटून उभे करून किंवा जागेवर फिरवून लगेच हल्ला करण्याने थोडे साम्य येते. पण दमणे आणि घाबरणे यांत फरक आहे, आणि घाबरण्याच्या अधिक जवळ नेणारी गोष्ट म्हणजे अनोळखी साथीदार. म्हणून ओळखीच्या दुसऱ्या वर्गाशी अधूनमधून संयुक्त सराव ठेवावा. मे महिन्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात खाडीकाठच्या दमट हवेत हे प्रकार थोडक्यात आटोपावेत.

मोकळ्या लढतीसाठी १६ औंसांचे ग्लोव्हज, माउथगार्ड, शिन गार्ड आणि जांघेचे संरक्षण आवश्यक मानावे. हेडगार्डमुळे चेहऱ्यावरच्या जखमा टळतात, परंतु मेंदूला बसणारा हादरा त्याने थांबतो असे समजू नये. डोक्याला मार लागून चक्कर, मळमळ, गोंधळ किंवा अंधुक दिसणे जाणवले, तर त्या दिवशी सराव तिथेच बंद करून डॉक्टरांकडे पाठवावे आणि पूर्ण बरे वाटल्यावरच पायरीपायरीने परत घ्यावे. लहान मुलांच्या वर्गात डोक्यावर फटका अजिबात नसावा, मग पालक कितीही आग्रह धरोत. बारा आण्यांची लढत पंधरवड्यातून एकदा पुरे. उरलेले काम चार आणि आठ आण्यांवरच होते.

थांबण्याचाही सराव

भारतीय न्याय संहितेत खासगी संरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये सांगितला आहे. कलम ३७ नुसार संरक्षणासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करण्याचा हक्क मिळत नाही आणि शासकीय यंत्रणेकडे दाद मागण्यास वेळ असेल तर हा हक्कच उरत नाही. कलम ४० नुसार शरीराच्या संरक्षणाचा हक्क धोक्याची वाजवी भीती निर्माण होताच सुरू होतो आणि ती भीती असेपर्यंतच टिकतो. आपल्या सरावाचा शेवट याच्याशी ताडून पाहावा. हल्लेखोर खाली पडल्यावर त्याच्यावर आणखी तीन लाथा मारून संपणारे क्रम प्रात्यक्षिकात टाळ्या घेतात, परंतु ते हाडात भिनले तर विद्यार्थ्याला आरोपी करू शकतात. त्याऐवजी प्रत्येक क्रमाचा शेवट असा करावा: समोरचा पडला किंवा वळला की थांबणे, दोन पावले मागे, आजूबाजूला नजर, बाहेर पडण्याच्या वाटेकडे चालणे, आणि ११२ ला फोन करून ठिकाण सांगणे. «ठाणे स्टेशन» एवढे सांगून भागत नाही; पूर्व की पश्चिम, कोणता पूल, जवळचे ठळक दुकान कोणते, हे धाप लागलेली असताना सांगण्याचा सराव प्रत्येकाने निदान दोनदा करावा. फोन अर्थातच खेळातला असावा.

सरावाची नोंद साध्या वहीत ठेवावी: काय वगळले होते, किती आण्यांवर केले, आणि बचाव किती वेळा लागू पडला. तिसरा रकाना हल्ला करणाऱ्याने भरावा, बचाव करणाऱ्याने नव्हे. ज्या सरावात बचाव दर वेळी यशस्वी होतो, त्याचा जोर पुढच्या आठवड्यात चार आण्यांनी वाढवावा, मात्र बारा आण्यांच्या पुढे जाऊ नये. तेथे पोहोचल्यावर जागा अरुंद करावी किंवा हल्ल्याचे पर्याय वाढवावेत. आणि ज्या सरावात विद्यार्थी एकदाही सुटत नाही, तो चार आण्यांनी उतरवून पुन्हा घ्यावा.